सोनखतापासून सिटी कंपोस्टपर्यंत

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, ह्या कालव्याने बारमाही पाणी आणले. बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. पण पंचवीस वर्षांच्या आतच एक वेगळी तक्रार ऐकू येऊ लागली. जमिनीवर पांढरा थर दिसू लागला, पीक पिवळे पडू लागले. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील ह्या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली अहवाल लिहिला. निदान साधे होते. पाणी भरपूर दिले जात होते, निचरा मात्र होत नव्हता. भूजल वर आले आणि आपल्याबरोबर क्षार घेऊन आले.

क्षारांचा खरा इलाज निचऱ्याचे चर हाच आहे. मात्र चर काढल्यावरही भारी काळी जमीन पुन्हा भुसभुशीत व्हायची, तर तिला सेंद्रिय पदार्थ हवा. आडसाली उसाला हेक्टरी वीस-पंचवीस टन शेणखत द्यावे अशी शिफारस शेतकरी वर्षानुवर्षे ऐकत आला आहे. एवढे शेण आणायचे कुठून? बैल गेले, ट्रॅक्टर आला. गोठ्यात आता चार-दोन संकरित गाई असतात.

आता दुसरी बाजू पाहू. बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर पुणे शहर आहे. तेथे रोज हजारो किलो नव्हे, हजारो टन कचरा गोळा होतो आणि त्यात निम्म्याच्या आसपास भाग कुजणारा असतो. इकडे सेंद्रिय पदार्थाची भूक आहे, तिकडे त्याचा डोंगर आहे. मग दोघांची गाठ का पडत नाही? विज्ञान शिकवणाऱ्याला हा प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो, आणि एका मर्यादेपर्यंत तो तसा आहेही. पण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास चाळला तर दिसते की रसायनशास्त्र फार पूर्वीच सुटले होते. अडत होते ते हिशेबावर.

जेव्हा गाठ पडत होती

ही गाठ पूर्वी पडत असे, ही गोष्ट आज बहुतेकांना ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात भुयारी गटारे नव्हती. मैला गाड्यांतून शहराबाहेर नेला जाई. शहराचा केरकचरा जाळून त्याची राख मैल्यात मिसळत, मिश्रण उथळ वाफ्यांत पसरून वाळवत, आणि ते खत म्हणून विकत. इंग्रज अधिकारी त्याला ‘पुद्रेत’ हा फ्रेंच शब्द वापरीत. आपल्याकडे त्याला नाव होते सोनखत.

सुरुवातीला शेतकरी ते हातात घेईनात. विटाळाची भावना होतीच. पण खडकवासल्याच्या धरणातून मुठा कालवे निघाल्यावर शहराच्या पूर्वेला उसाचे मळे वाढले. उसाला सोनखत किती मानवते हे एकाने करून पाहिले, शेजाऱ्याने पाहिले, आणि मागणी सुरू झाली. ब्रिटनहून भारतीय शेतीची पाहणी करायला आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात शहरांच्या मैल्याचा शेतीसाठी उपयोग ह्या विषयाची तपशिलाने चर्चा केली आहे. एका ठिकाणी विटाळ आडवा येतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो का विरघळतो, हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

ह्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. ती स्वस्त होती, कारण मैला उचलण्याचे काम एका जातीच्या माणसांवर लादलेले होते. त्यांच्या आरोग्याची आणि प्रतिष्ठेची किंमत सोनखताच्या भावात धरलेली नव्हती. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी पुढे जे प्रयोग केले, त्यांचा रोख नेमका इथे होता: मैल्याला माणसाचा हात न लागता त्याचे खत व्हावे. शहरात भुयारी गटारे आली तेव्हा ही गुलामी कमी झाली, आणि त्याच पाण्याबरोबर शेताकडे जाणारे नत्र नदीत वाहून जाऊ लागले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

इंदूरचा ढीग, बंगळूरचा खड्डा

कुजण्याच्या क्रियेला शिस्त लावण्याचे काम झाले ते होळकरांच्या इंदुरात. १९२४ ते १९३१ ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड तेथील वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते. त्यांचे सहकारी यशवंत वाड हे त्या संस्थेत काम करीत. दोघांच्या नावावरचे पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्डने छापले. हॉवर्डांचे नाव पुढे जगभर झाले, सेंद्रिय शेतीचे पितामह म्हणून. वाडांचे नाव इंदूरमध्येही फारसे कोणी घेत नाही. हे बरे नाही, कारण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोघेही आहेत.

इंदूर पद्धतीचे तत्त्व मुलांना सहज समजावता येते. जिवाणूंना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि स्वतःचे शरीर बांधायला नत्र लागते. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असले की त्यांचे काम भराभर चालते. नुसते पाचट घातले तर नत्र कमी पडते आणि ढीग महिनोन् महिने तसाच राहतो. नुसते शेण किंवा भाजीचा ओला कचरा घातला तर नत्र जास्त होते आणि ते अमोनिया होऊन उडते. नाकाला लगेच कळते. पाणी पिळलेल्या फडक्याइतके हवे. मूठभर माल दाबला तर बोटांतून थेंब दिसावा, धार लागू नये. आणि हवा हवी, म्हणून ढीग उलटायचा: इंदुरात साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दुसऱ्या महिन्याअखेर. आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्या उष्णतेत रोगजंतू, माशांच्या अळ्या आणि तणांचे बी मरते. तीन महिन्यांत खत तयार.

१९३४ साली जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धत वस्तीतल्या कचऱ्याला आणि मैल्याला लावून दाखवली आणि आपला लेख एका वैद्यकीय नियतकालिकात दिला. त्यांच्या दृष्टीने हा आधी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होता, शेतीचा नंतर.

पण ढीग उलटायला मजुरी लागते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास दुसरी वाट काढली. खंदकात कचरा आणि मैला यांचे थर द्यायचे, वरून मातीने लिंपायचे आणि विसरून जायचे. सुरुवातीच्या काही दिवसांनंतर हवेविना कुजणे चालते, म्हणून चार-सहा महिने लागतात, पण उलटण्याचा खर्च वाचतो. नगरपालिकांना ही पद्धत मानवली. महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली, तेव्हा देशभरच्या नगरपालिकांनी कंपोस्टचे खड्डे खणले ते आचार्यांच्या देखरेखीखाली. ह्या सगळ्यात खाजगी कंपनी कुठेही नव्हती. नगरपालिका खत करी, शेतकरी बैलगाडी घेऊन येई आणि घेऊन जाई. बैलगाडीची मर्यादा आठ-दहा मैल. म्हणजे खत करणारा आणि वापरणारा एकमेकांना तोंडाने ओळखत होते. गाडीत काचा निघाल्या तर पुढच्या बाजारच्या दिवशी तक्रार येई.

यंत्रे आली

साठच्या दशकात शहरे वाढली, आणि रासायनिक खत स्वस्त झाले. खड्डे मागे पडले. १९७५ ते १९८० ह्या काळात केंद्र सरकारच्या योजनेतून मुंबई, बंगळूर, बडोदे, कलकत्ता, दिल्ली, जयपूर, कानपूर अशा शहरांत दिवसाला १५० ते ३०० टन कचरा घेणारी यांत्रिक कंपोस्ट केंद्रे उभी राहिली. पट्टे, चाळण्या, चुंबके, दळणयंत्रे असा थाट होता. त्यांतली बहुतेक काही वर्षांत बंद पडली किंवा रडतखडत चालली.

असे का झाले, हे समजून घ्यायला नागपूरच्या ‘नीरी’चे काम उपयोगी पडते. तेथील ए. डी. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक भारतीय शहरांचा कचरा अक्षरशः वेचून, वाळवून, तोलून पाहिला. युरोपातल्या कचऱ्यात कागद आणि वेष्टने जास्त, त्यामुळे तो हलका. आपला कचरा ओला, मातीमिश्रित आणि त्याहून दुपटीपेक्षा जास्त जड: घनमीटरला चारशे-पाचशे किलो. त्याची जळण्याची ऊर्जा किलोला जेमतेम हजार किलोकॅलरी. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या मदतीने बांधलेली कचरा जाळण्याची भट्टी तीन आठवडेच चालली, त्याचे कारण ह्याच आकड्यात आहे. जाळायला वाईट असा हा कचरा कुजवायला मात्र उत्तम आहे. पण दुसऱ्या प्रकारच्या कचऱ्यासाठी घडवलेली यंत्रे त्यात चिकटत, गंजत. आणि दळणयंत्राने काचा बारीक केल्या की त्या चाळणीतून खतात उतरत. शेतकऱ्याने एकदा पायात काच भरून घेतली की तो पुन्हा येत नसे.

कंपनी आणि करार

नव्वदच्या दशकात सूर बदलला. सरकारला जमले नाही, तर खाजगी उद्योगाला द्यावे. मुंबईच्या एक्सेल इंडस्ट्रीजने यंत्रांचा भपका कमी केला. कचरा आधी दळायचा नाही. त्यावर जिवाणूंचे विरजण टाकायचे, लांब ढिगांच्या रांगा लावायच्या, लोडरने उलटायच्या आणि कुजून वाळल्यावर चाळायच्या. मूळ कल्पना इंदूरचीच, फावड्याच्या जागी लोडर. हे तंत्र वेगवेगळ्या शहरांनी घेतले. नाशिकचा पाथर्डीचा खतप्रकल्प त्याच काळातला.

१९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी शहरी कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि सप्टेंबर २००० मध्ये नियम झाले: कुजणारा कचरा पुरायचा नाही, त्यावर प्रक्रिया करायची. नगरपालिकांकडे ना पैसा होता ना माणसे. म्हणून सार्वजनिक-खाजगी भागीदारीचे करार होऊ लागले.

ह्या करारांचा मजकूर विज्ञानाच्या पुस्तकात येत नाही, पण कचऱ्याचे पुढे काय झाले हे तिथेच ठरले. सुरुवातीच्या कित्येक करारांत नगरपालिकेने जागा आणि कचरा दिला आणि वर कंपनीकडूनच स्वामित्वधन मागितले. कचऱ्यात सोने आहे असे भाषणांतून इतके सांगितले गेले होते की नगरसेवकांना ते खरे वाटले. कंपनीने सगळा खर्च खत विकून भागवावा अशी अपेक्षा होती. ती पुरी होणे शक्य नव्हते. शंभर टन मिसळलेल्या कचऱ्यातून पाणी आणि कर्बवायू उडून, दगड-प्लास्टिक चाळून, दहा ते पंचवीस टन खत उरते. बाकीचे ओझे कोणीतरी उचलायचेच असते.

मग दुसऱ्या टोकाला गेले. आत आलेल्या प्रत्येक टनामागे नगरपालिकेने पैसे द्यायचे. ह्याला टिपिंग फी म्हणतात. यात कंपनीचे पोट भरते, पण ते वजनकाट्यावर भरते. ट्रकमध्ये भाजीचे देठ आहेत की पाडलेल्या भिंतीचा राडारोडा, काट्याला कळत नाही. खत चांगले झाले काय, वाईट झाले काय, विकले गेले काय, पडून राहिले काय, आलेल्या टनाचे पैसे मिळतातच. माझ्या मते नापास प्रकल्पांची निम्मी कहाणी ह्या एका कलमात आहे.

पुण्याचा कचरा १९९१ पासून उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत जाऊ लागला. दिवसाला एक हजार टन क्षमतेचा ‘हंजर’ कंपनीचा प्रकल्प २०१० च्या सुमारास तेथे उभा राहिला. तो पूर्ण क्षमतेने सातत्याने कधी चालला नाही आणि पुढे बंद पडला. ढीग वाढत गेले, आगी लागल्या, विहिरींचे पाणी नासले, आणि गावकऱ्यांनी वारंवार गाड्या अडवल्या. केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या विळप्पिलशाला येथील खत प्रकल्पाचे २०११ साली तेच झाले. करारावर सह्या महापालिका आणि कंपनी ह्या दोघांच्याच होत्या. ज्यांच्या विहिरी होत्या ते करारात कुठेच नव्हते. खत घेणारा शेतकरीही नव्हता.

भागीदार कंपनीच असला पाहिजे असे मात्र नाही. पुण्यातच कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला. दारोदार जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घ्यायचा, घराने दरमहा थोडे पैसे द्यायचे. खताच्या दृष्टीने ह्याचे महत्त्व फार आहे. कचरा एकदा मिसळला की जगातली कोणतीही चाळणी तो पुरता वेगळा करू शकत नाही. बॅटरीतले शिसे किंवा फुटलेल्या दिव्यातला पारा ओल्या देठांना चिकटून बसतो. खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टचे मानक २००६ पासून आहे: सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, नत्र ०.८ टक्के, शिसे किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी, पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा कमी. पाऱ्याचा हा आकडा किती लहान आहे ते मुलांना मोजून दाखवावे: एक टन खतात ०.१५ ग्रॅम.

एक गोणी युरिया

आता शेतकऱ्याच्या बाजूने एक गणित करू. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. ०.८ टक्के नत्राच्या कंपोस्टमधून तेवढेच नत्र हवे असेल, तर सुमारे २,६०० किलो कंपोस्ट लागेल. एक गोणी डोक्यावर घेऊन बांधावर जाता येते. अडीच टनांना ट्रॅक्टरची ट्रॉली, भरणावळ आणि पसरायला माणसे लागतात. सरकारी अनुदानामुळे युरियाची ती गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते. कंपोस्टला नत्राच्या तराजूत घातले की ते हरलेच.

पण त्या २,६०० किलोंत तीनशेहून अधिक किलो सेंद्रिय कर्ब आहे. युरियात जमिनीच्या कामाचा कर्ब नाही. नीरेकाठच्या जमिनीला नेमके जे हवे ते भावाच्या पाटीवर लिहिलेले नसते.

ही दरी बुजवायला केंद्र सरकारने २०१६ साली सिटी कंपोस्टला टनामागे १,५०० रुपयांची विपणन मदत दिली आणि खत कंपन्यांनी रासायनिक खताबरोबर ते विकावे असे धोरण आखले. महाराष्ट्राने २०१७ साली ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव काढले. मानकात बसणाऱ्या नगरपालिकेच्या खतालाच ते वापरता येते. केंद्राची ती मदत २०२१ मध्ये थांबली; २०२३ साली गोबरधन योजनेतील प्रकल्पांच्या सेंद्रिय खतासाठी तेवढीच रक्कम पुन्हा जाहीर झाली. अशी मदत आली-गेली की त्यावर बेतलेले प्रकल्प हेलकावे खातात.

बांगलादेशात ढाक्याच्या ‘वेस्ट कन्सर्न’ ह्या संस्थेने उलटीकडून सुरुवात केली. १९९५ साली मीरपूर वस्तीत त्यांनी दिवसाला तीन टनांचे चिमुकले केंद्र काढले आणि ‘मॅप अ‍ॅग्रो’ ह्या खत कंपनीशी बोलणी केली. ती कंपनी कंपोस्ट विकत घेई, त्यात पोषकद्रव्ये मिसळून त्याचा दर्जा ठरवी आणि आपल्या विक्रेत्यांमार्फत गावोगाव पोचवी. आधी गिऱ्हाईक आणि मग खड्डा, असा हा क्रम.

पुन्हा नीरेकाठी

बारामती-इंदापुरात एक कंपोस्ट मात्र वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत आले आहे, आणि त्याला कोणी कचऱ्याचा प्रकल्प म्हणत नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ह्या साखर कारखान्यांत शंभर टन उसामागे तीन-चार टन प्रेसमड निघते. पाच हजार टन गाळपाच्या कारखान्यात ते दिवसाला दीडशे-दोनशे टन होते. मध्यम आकाराच्या शहराच्या ओल्या कचऱ्याएवढे हे झाले. साखर कारखान्यांत हे प्रेसमड लांब रांगांत पसरतात, आसवनी असेल तर तिचे सांडपाणी त्यावर फवारतात, यंत्राने उलटतात, आणि दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. त्यात काच नसते, कारण उसात काच नसते. आणि गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, कारण ज्याने ऊस घातला तो सभासदच खत नेतो. खत खराब निघाले तर वार्षिक सभेत उभा राहून विचारणाराही तोच.

शहराच्या कचऱ्याला असा सभासद मिळवून देता येईल का? वजने तरी जुळतात. दिवसाला शंभर टन वेगळा केलेला ओला कचरा असेल तर वीसेक टन खत निघावे, म्हणजे रोज एका हेक्टरची गरज भागेल. वर्षाला साडेतीनशे हेक्टर. ह्या दोन तालुक्यांत उसाखालचे क्षेत्र हजारो हेक्टर आहे. बारामतीसारख्या गावात एमआयडीसीचा भाग मात्र काटेकोरपणे वेगळा ठेवावा लागेल. कारखान्यांतला घातक गाळ रांजणगावच्या सामाईक केंद्राकडे जायचा असतो. त्याची एक गाडी चुकून ओल्या कचऱ्याच्या ढिगावर रिकामी झाली तर शिशाचे आणि पाऱ्याचे ते आकडे कोसळतात.

मग राहते ती वेळापत्रकाची अडचण. कचरा रोज येतो, दिवाळीत आणि आंब्याच्या दिवसांत जरा जास्त. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू उसाची जानेवारी-फेब्रुवारीला. मधल्या महिन्यांत खताला उठाव नसतो. तेवढा काळ ते कोरडे आणि झाकलेले ठेवायला शेड लागते. कोणत्याही प्रकल्पाच्या कागदपत्रांत ही शेड आहे का आणि केवढी आहे, हे आधी पाहावे.